लाटेकमध्ये मराठी: भाषेच्या सेटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाटेक ही आज्ञा लिहून पानं मांडायची मोफत संगणकप्रणाली. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, दिवाळी अंकाची पानं लावणारे संपादक, गणिताच्या प्रश्नपत्रिका काढणारे शिक्षक यांच्याकडून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांची अडचण एकाच जागी असते. पडद्यावर देवनागरी उमटली की काम झालं असं वाटतं, पण हा मजकूर मराठी आहे हे लाटेकला कुणी सांगितलेलंच नसतं. ते इंजिनला (फाइलवरून पान तयार करणाऱ्या प्रोग्रामला), फॉन्टला आणि दस्तऐवजाला असं तीन ठिकाणी वेगवेगळं सांगावं लागतं. काही बिघडलं तर तिघांपैकी कोण अडलंय ते आधी बघा.

आज्ञांची आणि पॅकेजांची (लाटेकला जोडायच्या तयार आज्ञासंचांची) नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायची.

१. लाटेकमध्ये मराठी लिहिता येतं का? की त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं?

येतं, आणि वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. टेक लाइव्ह किंवा मिकटेक यांपैकी लाटेकचा एक संच, युनिकोड मराठी टाइप करायची सोय आणि एक चांगला देवनागरी फॉन्ट एवढ्यावर काम होतं. पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. १९९१ साली आलेल्या देवनाग या साधनात मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा, तो एका प्रोग्रामातून काढायचा आणि मग टेकला, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला, द्यायचा. २००४ साली जोनाथन क्यू यांनी झीटेक हे इंजिन आणलं, तेव्हापासून संगणकावरचा कोणताही युनिकोड फॉन्ट थेट वापरता येऊ लागला. जुन्या पुस्तकांत किंवा नोंदींत देवनागची पद्धत दिसली तर नव्या कामासाठी ती उचलू नका.

२. 'युनिकोड कॅरेक्टर म नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक' अशी चूक येते. म काय चुकला?

म बरोबर आहे, इंजिन चुकीचं निवडलं गेलंय. तुमची फाइल पीडीएफलाटेकने चालते आहे आणि त्याला देवनागरी अशी थेट वाचता येत नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा. फाइल लिहायच्या प्रोग्रामांपैकी टेकवर्क्समध्ये हिरव्या बटणाशेजारच्या यादीत, टेकस्टुडिओत बिल्डच्या सेटिंगमध्ये आणि ओव्हरलीफ या संकेतस्थळावर सेटिंगमधल्या कंपायलरमध्ये ही निवड असते. ओव्हरलीफवर ती प्रत्येक प्रकल्पाची वेगळी असते. म्हणून मित्राचा साचा उचलून नवा प्रकल्प केला की ही चूक परत येते.

फाइलच्या पहिल्या ओळीत टक्क्याच्या चिन्हानंतर उद्गारचिन्ह देऊन 'टेक प्रोग्राम बरोबर झीलाटेक' अशी सूचना लिहून ठेवा. टेकवर्क्स आणि टेकस्टुडिओ ती वाचतात, आणि फाइल दुसऱ्याकडे गेली तरी सूचना सोबत जाते.

३. झीलाटेक की लुआलाटेक? पॉलिग्लॉसिया की बेबल? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

झीलाटेक आणि लुआलाटेक ही इंजिनं, पॉलिग्लॉसिया आणि बेबल ही दस्तऐवजाची भाषा सांगणारी पॅकेजं. झीलाटेक-पॉलिग्लॉसिया आणि लुआलाटेक-बेबल या दोन्ही जोड्यांनी उत्तम मराठी पान निघतं. आज नवं काम सुरू करत असाल तर माझा सल्ला लुआलाटेक आणि बेबल. लुआलाटेक थोडं हळू चालतं, पण विकासाचं काम आता त्याच्यावरच होतं. शिवाय २०२० च्या टेक लाइव्हपासून देवनागरीची जुळणी नीट करणारं हार्फबझ त्याच्यातच आहे. झीलाटेक आणि पॉलिग्लॉसियावर तुमचा प्रबंध अर्धा झाला असेल तर मात्र मध्येच बदलू नका.

बेबल आणि पॉलिग्लॉसिया एकाच फाइलमध्ये कधीही घेऊ नका. दोघांचं काम एकच आहे, आणि ती दोघं भांडली की येणाऱ्या चुकांमध्ये भाषेचा उल्लेखही नसतो. विद्यापीठाच्या साच्यात बेबल आधीच घेतलेलं असतं, विद्यार्थी खाली पॉलिग्लॉसिया जोडतो आणि दोन दिवस जातात. साचा आधी वाचा.

४. कमीत कमी काय लिहिलं की मराठी पान निघेल?

बेबलसाठी दोन ओळी. पहिलीत बेबल पॅकेज घेताना पर्यायांमध्ये आधी इंग्लिश, मग मराठी आणि शेवटी 'प्रोव्हाइड बरोबर तारका' द्या. यादीत शेवटी येणारी भाषा मुख्य धरली जाते. प्रोव्हाइडचा पर्याय गाळला तर मराठी हा पर्याय ओळखत नाही अशी तक्रार येऊ शकते, कारण मराठीची माहिती बेबलमध्ये वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवलेली आहे. दुसऱ्या ओळीत बेबलफॉन्ट या आज्ञेने फॉन्ट सांगा आणि लुआलाटेक असेल तर 'रेंडरर बरोबर हार्फबझ' जोडा.

पॉलिग्लॉसियासाठी तीन ओळी: सेटमेनलँग्वेजमध्ये मराठी, सेटअदरलँग्वेजमध्ये इंग्लिश, आणि न्यूफॉन्टफॅमिली वापरून देवनागरीफॉन्ट या नावाने फॉन्ट.

सुरुवातीला शोभिका घ्यायला हरकत नाही. आयआयटी मुंबईतून आलेला हा फॉन्ट मोफत आहे, जोडाक्षरं भरपूर आहेत, ठळक रूप आहे आणि रोमन अक्षरंही आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्राही करून बघा.

५. 'कि' लिहिलं तर वेलांटी क-च्या नंतर येते आणि जोडाक्षरं हलन्त लागून सुटी पडतात.

फॉन्ट सापडला आहे, पण आपण देवनागरी मांडतोय हे जुळणी करणाऱ्या यंत्रणेला कळलेलं नाही. संगणकात वेलांटी क-नंतरच साठवलेली असते. तिला क-च्या आधी नेऊन बसवणं हे जुळणीचं काम, आणि ते झालं नाही की असं दिसतं. फॉन्टच्या पर्यायांमध्ये 'स्क्रिप्ट बरोबर देवनागरी' लिहा. बेबलफॉन्टने भाषेसकट फॉन्ट दिला असेल तर हे आपोआप होतं. लुआलाटेकमध्ये स्क्रिप्ट देऊनही काही जोडाक्षरं चुकत असतील तर प्रश्न ४ मधला रेंडरर राहिलाय.

टाइप करताना वेलांटी आधी आणि क नंतर लिहून हा दोष झाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. तो मजकूर पुढे कुठेही नीट वाचता येत नाही.

६. मराठी नीट येते, पण मधले इंग्रजी शब्द गायब होतात किंवा चौकोन दिसतात.

तुमच्या देवनागरी फॉन्टमध्ये रोमन अक्षरं नाहीत. एक तर दोन्ही असलेला फॉन्ट घ्या, नाहीतर इंग्रजीला वेगळा फॉन्ट देऊन भाषा बदला (प्रश्न १३).

यापेक्षा मोठी काळजी गपचूप गळालेल्या अक्षरांची असते. जुन्या संचांमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' ही सूचना फक्त लॉग फाइलमध्ये (फाइल चालवताना काय झालं त्याच्या नोंदीत) लिहिली जायची आणि पडद्यावर काहीच दिसायचं नाही. फाइलच्या सुरुवातीला ट्रेसिंगलॉस्टचार्स या मोजकाला (आकडा घेणाऱ्या सेटिंगला) ३ ही किंमत द्या. मग एक अक्षर जरी गळालं तरी चूक दाखवली जाते. छापायला पाठवण्याआधी मी हे न चुकता करते.

७. देवनागरीफॉन्ट दिलाय, तरी 'फॉन्टमध्ये देवनागरी लिपी नाही' अशी चूक येते. तीही फक्त काही पानांवर!

पॉलिग्लॉसियातला हा नेहमीचा गोंधळ. देवनागरीफॉन्ट हे नाव फक्त मुख्य, म्हणजे सेरिफ (टोकांना शेपट्या असलेल्या अक्षरांच्या) घराण्यासाठी आहे. सॅन्स (शेपट्या नसलेल्या) घराण्यासाठी देवनागरीफॉन्टएसएफ आणि समान रुंदीच्या अक्षरांसाठी देवनागरीफॉन्टटीटी ही नावं वेगळी द्यावी लागतात. एखादा संकेतस्थळाचा पत्ता किंवा प्रोग्रामचा तुकडा आला की टीटी लागतं, म्हणून नेमक्या त्या पानावर गाडी अडते. बीमर या लाटेकच्या सोयीने केलेल्या स्लाइड्समध्ये सगळा मजकूर मुळातच सॅन्स असतो, त्यामुळे तिथे पहिल्याच स्लाइडला चूक येते. दुसरा फॉन्ट हाताशी नसेल तर तिन्ही नावांना एकच फॉन्ट द्या.

८. ताई, ल आणि श हिंदीसारखे येतात. मराठी कसे आणायचे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण अनेकांना फरक दिसतच नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं आहेत. शासनाने २००९ साली ठरवलेल्या आणि २०२२ साली सुधारलेल्या प्रमाण वर्णमालेतही तीच आहेत. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ल एकच आहे. कोणतं वळण दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि त्यासाठी त्याला भाषा कळावी लागते.

म्हणून स्क्रिप्टबरोबर 'लँग्वेज बरोबर मराठी' हाही पर्याय द्या. दस्तऐवजाची भाषा मराठी असली तरी पॉलिग्लॉसियात फॉन्टला ती स्वतंत्र सांगावी लागते. बेबलफॉन्ट ते स्वतः करतो. त्यानंतरही वळण बदललं नाही तर लॉगमध्ये पाहा. मराठी या फॉन्टमध्ये नाही, मूळ भाषा वापरली, अशा अर्थाची सूचना असेल तर त्या फॉन्टच्या कर्त्याने मराठी रूपं भाषेशी जोडलेलीच नाहीत. टेक लाइव्हसोबत येणारा ओटीएफइन्फो हा छोटा प्रोग्राम फॉन्टमधल्या लिपी आणि भाषांची यादी देतो. तिच्यात देवनागरीपुढे एमएआर दिसलं तर मराठीची सोय आहे.

काही फॉन्टांचं मूळ वळणच मराठी असतं, तिथे काहीच करावं लागत नाही. हिंदी प्रकाशनांसाठी केलेल्या फॉन्टात कितीही पर्याय दिले तरी पाकळी येणार नाही. तो फॉन्ट सोडा.

९. 'दऱ्या' लिहायचं तर 'दर्या' उमटतं. कधी बरोबर येतं, कधी नाही.

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हाही असाच फरक. अर्थ बदलतो, म्हणून याकडे दुर्लक्ष चालणार नाही.

हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ (र-खाली टिंब) आणि हलन्त. दोन, र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झेडडब्ल्यूजे. युनिकोडची शिफारस पहिल्या प्रकाराची आहे, दुसरा जुन्या मजकुरासाठी चालू ठेवलेला आहे. साधा र आणि हलन्त लिहिला तर रफारच येणार. दुसऱ्या प्रकारातलं जोडचिन्ह कॉपी-पेस्ट करताना किंवा फाइल स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रामातून जाताना पडून जातं आणि दऱ्यांचा दर्या होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, पुढे हलन्त द्यायचा.

एका गावाच्या इतिहासाचं पुस्तक मी लावलं होतं. मजकूर दोघांनी टाइप केला होता, एकाचा कीबोर्ड पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या. पानांवर फरक कळत नव्हता. शेवटची सूची काढली तेव्हा 'खोऱ्यातली शेती' ही नोंद दोनदा आली, अक्षर न् अक्षर सारखी, पुढे पानांचे आकडे मात्र वेगळे. फाइलमध्ये शोधलं तर एका वेळी निम्मीच ठिकाणं सापडायची. तेव्हापासून काम हाती आलं की आधी सगळीकडचा दुसरा प्रकार बदलून पहिला करून घेते. शोधा-आणि-बदला एकदा चालवलं की झालं.

१०. 'ॲसिड', 'ॲप' अशा शब्दांत तुटक रेषांचं वर्तुळ दिसतं.

तुम्ही अ आणि त्यावर अर्धचंद्र असं दोन तुकड्यांत लिहिलंय. ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीच्या मजकुरात आणि काही कीबोर्डांवर अजूनही तुकडे वापरले जातात. हार्फबझ अशा जोडीला चुकीची समजून मध्ये वर्तुळ टाकतं. फाइलभर शोधून जोडीच्या जागी एकच ॲ टाका. फॉन्ट बदलून हे जात नाही.

११. 'अनुक्रमणिका'ऐवजी 'अनुक्रम' हवंय. रिन्यूकमांडने बदललं, तरी पान जुनंच.

रिन्यूकमांड म्हणजे आधीची आज्ञा नव्याने ठरवणारी आज्ञा. तुमचा बदल झाला होता, पण दस्तऐवज सुरू होताना मराठी भाषा चालू झाली आणि तिने स्वतःचे शब्द पुन्हा भरले. बदल भाषेच्या पोटात करावा लागतो. पॉलिग्लॉसियात ॲडटू या आज्ञेने कॅप्शन्समराठीमध्ये तुमची रिन्यूकमांड जोडा. बेबलमध्ये सेटलोकेलकॅप्शन आहे, तिला भाषा, जागेचं नाव आणि तुमचा शब्द द्यायचा. 'प्रकरण', 'आकृती', 'तक्ता', 'संदर्भ' यांचंही असंच.

शीर्षकं इंग्रजीतच येत असतील तर मुख्य भाषा इंग्रजी राहिली आहे. प्रश्न ४ मधला क्रम तपासा.

१२. पानांचे आकडे मराठीत हवेत, पण गणितातले इंग्रजीतच राहू देत.

दोन्ही एकत्र जमतं. पॉलिग्लॉसियात मराठी निवडताना न्यूमरल्स हा पर्याय देवनागरी किंवा वेस्टर्न असा देता येतो. बेबलमध्ये मराठीसाठी बेबलप्रोव्हाइड लिहून मॅपअरेबिक जोडा. या दोन्हींमुळे लाटेकने स्वतः मोजलेले आकडे बदलतात: पान, प्रकरण, आकृती, समीकरणाचा क्रमांक. समीकरणाच्या आत तुम्ही हाताने लिहिलेले आकडे तसेच राहतात. परिच्छेदातली सालं तुम्ही जशी टाइप कराल तशीच दिसतील, म्हणून पानाचा आकडा ४५ आणि मजकुरात इंग्रजी आकड्यांतलं साल अशी सरमिसळ नजरेखालून घाला.

१३. प्रत्येक इंग्रजी शब्दाला आज्ञा लावायची का? शेकडो आहेत.

लुआलाटेक आणि बेबलमध्ये नाही. इंग्रजीसाठी बेबलप्रोव्हाइडमध्ये ऑनकार हा पर्याय 'आयडीज फॉन्ट्स' या किमतीने दिला की रोमन अक्षर दिसताच भाषा आणि फॉन्ट आपोआप बदलतात. झीलाटेकमध्ये युकारक्लासेस हे पॅकेज लिपीनुसार फॉन्ट बदलून देतं. पूर्णविराम, कंस, स्वल्पविराम मात्र दोन्ही लिप्यांना समाईक असतात. एखादा स्वल्पविराम वेगळ्या घाटाचा वाटला तर तो कोणत्या फॉन्टातून आला ते पाहा. इंग्रजीचा सबंध परिच्छेद असेल तर भाषा स्वतः सांगणंच बरं, नाहीतर इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी चुकीच्या जागी तुटतात.

१४. ओळी डावीउजवीकडे ताणल्या जातात, लांब शब्द समासाबाहेर जातात.

शब्द तोडण्याचे मराठी नियम चालू नाहीत. ते संचात आहेत, पण संच लहान बसवला असेल तर इंडिक भाषांचं हायफनचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. लॉगमध्ये 'नो हायफनेशन पॅटर्न्स' असं दिसलं तर हेच कारण. दोन स्तंभांच्या अंकात हे नियम हवेतच, 'महाराष्ट्रासारख्या'सारखा शब्द अरुंद स्तंभात दुसरं काही करू देत नाही. कवितेत मात्र मी शब्द तोडू देत नाही.

१५. मराठी पुस्तकात संस्कृत श्लोक आहेत. भाषा बदलली की अक्षरांचं वळणही बदलतं!

बदलणारच, कारण फॉन्टला आता संस्कृत सांगितलं गेलंय आणि पाकळीचा ल मराठीशी जोडलेला होता (प्रश्न ८). पॉलिग्लॉसिया आधी भाषेच्या नावाचा फॉन्ट शोधतं आणि तो नसेल तरच लिपीच्या नावाचा घेतं. म्हणून संस्कृतफॉन्ट हे नाव वेगळं देऊन त्यात मुद्दाम 'लँग्वेज बरोबर मराठी' लिहा. शब्द संस्कृत नियमांनी तुटतील, वळण मराठी राहील. मराठी वाचकाच्या पुस्तकात एकाच पानावर दोन तऱ्हांचे ल डोळ्याला खुपतात, म्हणून मी नेहमी असंच करते.

१६. तिरपी अक्षरं येत नाहीत.

बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती नसतात. ऑटोफेकस्लँट देऊन अक्षरं तिरपी करता येतात, पण शिरोरेषा आणि काने वाकडे दिसतात. भर द्यायचा तर ठळक अक्षर वापरा.

१७. सगळं दुरुस्त केलं, तरी जुनीच चूक येते.

एयूएक्स आणि टीओसी या मदतनीस फाइली पुसा आणि दोनदा चालवा. मागच्या वेळची भाषा त्यांत लिहून ठेवलेली असते. बेबल काढून पॉलिग्लॉसिया घेतलं की हमखास हे होतं.

१८. सूचीत ळ हा ल-नंतर आणि क्ष हा क-मध्ये येतो.

सूची लावणारं नेहमीचं साधन, मेकइंडेक्स, नोंदी अक्षरांच्या युनिकोड क्रमांकानुसार लावतं. तिथे ळ हा ल-च्या लगेच पुढे आहे आणि क्ष म्हणजे क, हलन्त, ष असे तीन तुकडे. आपल्या वर्णमालेत मात्र ह-नंतर ळ, मग क्ष आणि ज्ञ. त्याऐवजी अपमेन्डेक्स वापरा आणि त्याच्या शैलीच्या फाइलमध्ये आयसीयू लोकेल (कोणत्या भाषेच्या क्रमाने लावायचं ते सांगणारा पर्याय) म्हणून मराठीचा एमआर हा संकेत द्या. संदर्भसूचीसाठी बिबलाटेक हे पॅकेज आणि बायबर हा प्रोग्राम असतील तर सॉर्टलोकेल हा पर्याय आहे. नोंदी थोड्याच असतील तर मेकइंडेक्समध्येही प्रत्येक नोंदीआधी क्रम लावण्यापुरता वेगळा शब्द देऊन भागतं. त्याआधी प्रश्न ९ आणि १० मधल्या दुरुस्त्या झाल्या आहेत ना, बघा. नाहीतर एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतील.

१९. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की अक्षरं उलटसुलट येतात. विद्यापीठ वाङ्मयचौर्य तपासणीत प्रबंध वाचत नाही म्हणतं.

पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या असतात, त्याही दिसण्याच्या क्रमाने, म्हणून वेलांटी आधी आणि क नंतर कॉपी होतो. आकृत्यांमागे मूळ मजकूर लपवून ठेवता येतो. झीलाटेकमध्ये झीटेकजनरेटॲक्चुअलटेक्स्ट या मोजकाला १ किंमत द्या. लुआलाटेक हार्फबझसह चालवलं तर ते स्वतःच करतं.

२०. श्री-लिपी किंवा शिवाजी फॉन्टात टाइप केलेली जुनी फाइल लाटेकमध्ये टाकली तर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात.

त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नाहीत. साठवलेली आहेत रोमन चिन्हं, आणि त्यांच्यावर मराठी आकृत्या चढवणारा फॉन्ट वेगळा होता. भाषेचं कोणतंही सेटिंग याला उपयोगी पडत नाही. आधी त्याच फॉन्टच्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणा. फॉन्टचं नेमकं नाव माहीत असायला हवं, कारण प्रत्येकाची जुळवणी वेगळी. बदललेल्या मजकुरात रफार, अर्धा र, ॲ आणि पोटफोड्या ष या चार जागा ओळीने तपासा. सर्वात जास्त चुका मला तिथेच सापडल्या आहेत.